छातीत जळजळ नाही, तरी घशात आम्ल

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सध्या घशाची पत्रे सर्वांत जास्त आहेत. कुणाचा आवाज रोज सकाळी बसलेला असतो, कुणाला दिवसभर खाकरावे लागते, कुणाला घशात केस अडकल्यासारखे वाटते. त्यातले एक पत्र उर्दू प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका भगिनीचे आहे. चार महिन्यांत तीन वेळा अँटिबायोटिक घेऊन झाले, खोकल्याची दोन प्रकारची औषधे झाली, ॲलर्जीची गोळी झाली. प्रत्येक वेळी आठ दिवस बरे वाटले आणि नंतर पुन्हा तेच. शेवटी एका डॉक्टरांनी ॲसिडिटी आहे असे सांगितले. त्यावर त्यांनी आम्हाला विचारले आहे की, छातीत कधी जळजळ होत नाही, आंबट ढेकर येत नाही, पोट दुखत नाही, मग ही ॲसिडिटी कसली? डॉक्टर काहीतरी सांगून वाटेला लावत तर नाहीत ना?

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, पोटातले आम्ल घशापर्यंत चढणाऱ्या बऱ्याच जणांना छातीत जळजळ होतच नाही, त्यामुळे डॉक्टरांचा अंदाज बरोबर असू शकतो. पण घसा आतून न पाहता, नुसत्या अंदाजावर महिनोन् महिने गोळ्या घेत राहणेही योग्य नाही. या दोन गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात, कारण आपल्याकडे माणसे दोन टोकांना असतात. काही जण घशाच्या त्रासाचा पोटाशी संबंध असेल हे मानतच नाहीत, आणि काही जण ‘पित्त आहे’ म्हणत सहा-सहा महिने बसलेला आवाज घेऊन फिरतात.

आधी आत काय घडते ते पाहू. तोंडातून पोटात जाणारी अन्ननलिका मोठ्या माणसात साधारण २५ सेंटीमीटर लांब असते. तिच्या खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी, स्नायूंची एक झडप असते आणि वरच्या टोकाला, घशाशी, दुसरी. घास खाली जाताना त्या उघडतात आणि एरवी मिटलेल्या असतात. खालची झडप नको तेव्हा सैल पडली की जठरातला आंबट रस अन्ननलिकेत येतो. थोडा रस दिवसातून अनेकदा वर येणे हे निरोगी माणसातही घडते. अन्ननलिका आकुंचन पावून तो पुन्हा खाली ढकलते, आपण गिळतो ती लाळ उरलेले आम्ल धुऊन काढते. आम्ल तिथे जास्त वेळ थांबले तर छातीच्या मध्यभागी जळजळते. याला आपण ॲसिडिटी म्हणतो.

घशाची गोष्ट वेगळी आहे. वरची झडपही सैल पडली तर त्या रसाचे काही थेंब, कधी नुसती वाफ, घशाच्या मागच्या भागापर्यंत आणि तिथे लगतच असलेल्या स्वरयंत्रापर्यंत पोचते. अन्ननलिकेत रस थांबला नाही, पटकन वर जाऊन खाली आला, म्हणून छातीत काही जाणवत नाही. पण स्वरयंत्राचे अस्तर फार नाजूक असते. अन्ननलिकेला जे संरक्षण आहे ते त्याला नाही. अन्ननलिका जे सहज सोसते, तेवढ्यानेच स्वरयंत्र लाल होते, सुजते. शिवाय जठररसात नुसते आम्ल नसते, प्रथिने पचवणारे पेप्सिनही असते. हे पेप्सिन घशाच्या अस्तरात चिकटून राहू शकते आणि पुन्हा आंबट काही आले की जागे होते, असे संशोधनात दिसले आहे. म्हणून आम्ल कमी झाल्यावरही घसा लगेच शांत होत नाही. सूज उतरायला आठवडे, कधी काही महिने लागतात.

आता लक्षणे. माणसे ती ज्या शब्दांत सांगतात त्याच शब्दांत सांगितली तर ओळखायला सोपे जाईल.

सर्वांत नेहमीची तक्रार खाकरण्याची. घशात कफ आहे असे वाटते, माणूस सारखा खाकरतो, पण निघत काहीच नाही, किंवा थोडासा चिकट, पांढरा चिकटा निघतो. घरातल्यांना तो आवाज इतका सवयीचा होतो की अब्बा जिना चढत आहेत हे खाकरण्यावरूनच कळते. आम्लामुळे घसा जास्त चिकट स्राव तयार करतो, तो साफ करायला माणूस खाकरतो, खाकरल्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, त्यांना सूज येते आणि पुन्हा काहीतरी अडकल्यासारखे वाटते. हे चक्र एकदा सुरू झाले की मूळ कारण कमी झाले तरी सवय टिकून राहते.

दुसरी तक्रार आवाजाची. सकाळी उठल्यावर आवाज घोगरा, जड, फाटका असतो आणि चहा-नाश्त्यानंतर तासा-दोन तासांत मोकळा होतो. रात्री आडवे असताना आम्ल वर आले असेल तर असे होते. याउलट सकाळी आवाज स्वच्छ आणि चार तास वर्ग घेतल्यावर बसत असेल तर बोलण्याच्या ताणाचा संशय आधी घ्यावा. शिक्षक, मुअज्जिन, हाफिज, बाजारात ओरडून माल विकणारे यांच्यात अनेकदा दोन्ही कारणे एकत्र असतात. आम्लाने सुजलेल्या स्वरतंतूंवर जोर देऊन बोलले की ती सूज उतरायला वावच मिळत नाही.

तिसरी तक्रार घशातल्या गोळ्याची. ‘काहीतरी अडकले आहे, ना खाली जात, ना वर येत.’ या तक्रारीत एक फरक प्रत्येकाने लक्षात ठेवावा. नुसती थुंकी गिळताना गोळा जाणवतो आणि भात-भाकरी खाताना मात्र तो नाहीसा होतो, अशा वेळी बहुधा आत खरोखर काही अडकलेले नसते. सूज आणि स्नायूंचा ताण यामुळे तसे भासते. पण घास प्रत्यक्षात अडकत असेल, आधी भाकरी अडकायची आणि आता भातही अडकतो, पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावा लागतो, असे असेल तर तो गोळ्याचा भास नव्हे. तिथे घरगुती उपाय करत एक आठवडाही घालवू नये.

चौथी तक्रार खोकल्याची. कोरडा, घशात गुदगुल्या होऊन येणारा, जेवल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढणारा. काही जणांना मध्यरात्री एकदम ठसका लागून जाग येते, क्षणभर श्वास अडकल्यासारखा होतो, घरचे घाबरतात. तोंडात आंबट-कडू चव आली तर कारण चटकन लक्षात येते, पण ती प्रत्येक वेळी येते असे नाही. याशिवाय घसा सारखा खवखवणे, नाकातून मागे काहीतरी ओघळते आहे असे वाटणे, तोंडाला वास येणे, अशा किरकोळ तक्रारी असतात. ताप मात्र नसतो. घसा दुखतो, पण ताप नाही, गळ्यात गाठी नाहीत, सर्दी नाही आणि हे आठवड्यांमागून आठवडे चालले आहे, तर पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक घेण्यात काही अर्थ नाही. अँटिबायोटिक जंतूंना मारते, आम्लाला नाही. आठ दिवस बरे वाटते ते बहुतेक त्या दिवसांत आपण तळलेले टाळतो, गरम पाणी पितो, कमी बोलतो म्हणून.

अमेरिकेतल्या घशाच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये या आजारासाठी नऊ प्रश्नांची एक छोटी यादी प्रसिद्ध केली. ती आज जगभर वापरली जाते. गेल्या महिनाभरात आवाज बसणे, खाकरणे, घशात जास्त कफ, गिळायला त्रास, जेवल्यावर किंवा आडवे झाल्यावर खोकला, श्वास अडकणे, त्रासदायक खोकला, घशात गोळा आणि शेवटी छातीत जळजळ किंवा आंबट वर येणे, या प्रत्येकाचा त्रास किती झाला याला ० ते ५ गुण द्यायचे. एकूण ४५ पैकी १३ हून जास्त झाले तर संशय घ्यायचा. नऊ प्रश्नांपैकी छातीच्या जळजळीचा एकच आहे हे पाहा. जळजळ अजिबात नसली तरी बाकीच्या आठांतून गुण १३ च्या पुढे सहज जातात.

ही यादी संशय घेण्यापुरतीच आहे. तिच्यावरून निदान होत नाही, कारण हीच लक्षणे इतर कारणांनीही होतात. धुळीची ॲलर्जी आणि सायनस ही नेहमीची कारणे. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल यासारखी गोळी सुरू असेल तर तिच्यामुळे काही जणांना असाच कोरडा खोकला आणि घशात खवखव होते. गोळी बदलली की काही आठवड्यांत तो थांबतो, मात्र ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरली नाही तरी आवाज बसतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी आधी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. क्षयरोग स्वरयंत्रालाही होऊ शकतो आणि तेव्हा पहिले लक्षण बसलेला आवाज हेच असू शकते.

आणि तंबाखू. यावर थोडे स्पष्ट लिहायला हवे. गुटखा, मावा, बिडी, सिगारेट यांबद्दल पुरुषांना निदान कुणी टोकते तरी. आपल्या घरांतल्या कित्येक दादी, नानी, खाला वर्षानुवर्षे मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी तंबाखू खाता का असे विचारले की ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या हिशेबात तंबाखूत येतच नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. ज्याला ही सवय आहे त्याचा आवाज बसला तर पित्त म्हणून थांबणे धोक्याचे आहे. स्वरतंतूंचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. त्याचे पहिले लक्षण नुसते आवाज घोगरा होणे हे असते, आणि त्या टप्प्यावर सापडला तर तो बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. सहा महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाण्यात गेले तर हीच संधी हातची जाते.

म्हणून आवाज चार आठवड्यांत पूर्ववत झाला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र पाहून घ्यायचेच. तंबाखूची सवय असेल तर चार आठवडेही थांबू नये. गिळताना घास अडकणे किंवा दुखणे, कान चांगला असूनही एकाच बाजूच्या कानात दुखणे, मानेत गाठ, थुंकीतून रक्त, कारण नसताना वजन उतरणे, तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा, यातले एकही लक्षण असेल तर लगेच जावे. श्वास घेताना शिटीसारखा आवाज येत असेल, धाप लागत असेल तर ती तातडीची बाब आहे, थेट रुग्णालय गाठावे. छातीतल्या दुखण्याबरोबर घाम, दम लागणे किंवा हातात, जबड्यात कळ जात असेल तर ते ॲसिडिटीचे मानून सोडा पिऊ नये. हृदयाची तपासणी आधी.

स्वरयंत्र पाहण्याच्या तपासणीची, विशेषतः भगिनींना, उगाच भीती वाटते. ‘दुर्बीण घालणार’ म्हटले की ऑपरेशनसारखे काहीतरी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात नाकात बधिर करणारे औषध फवारतात आणि बारीक, वाकणारी नळी नाकातून घशाच्या मागे नेऊन पडद्यावर स्वरतंतू पाहतात. रुग्ण खुर्चीत जागा बसलेला असतो, ‘ई’ म्हणायला सांगतात, दोन-चार मिनिटांत संपते. भूल लागत नाही, दाखल व्हावे लागत नाही. पोटाची एंडोस्कोपी ही वेगळी तपासणी आहे आणि ती प्रत्येकाला लागत नाही. स्त्री डॉक्टर हव्या असतील तर आधी फोन करून विचारावे; पण त्यासाठी महिना महिना तपासणी पुढे ढकलू नये.

एवढे मात्र समजून घ्या की घसा लाल दिसला म्हणजे आम्लच असे सिद्ध होत नाही. खाकरण्याने, धुराने, ॲलर्जीनेही तो लाल होतो. या तपासणीचा मुख्य उपयोग गंभीर काही नाही ना, हे पाहण्याचा आहे. आम्ल खरोखर किती वर येते ते मोजायचे असेल तर नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत ठेवून २४ तासांची नोंद घेतात. ही सोय मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत असते. सर्वांना ती लागत नाही.

औषधांबद्दल आमचे मत जरा कडक आहे. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्या आपल्याकडे चिठ्ठीशिवाय, शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात. छातीत जळजळ असेल तर त्या चांगले काम करतात. फक्त घशाची तक्रार असेल तर मात्र त्यांचा भरवसा तेवढा नाही. ब्रिटनमध्ये घशाचा त्रास दीर्घकाळ असलेल्या ३४६ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. अर्ध्यांना १६ आठवडे लॅन्सोप्राझोल दिवसातून दोनदा दिले, अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की दोन्ही गटांना आराम सारखाच पडला. याचा अर्थ घशात आम्ल चढतच नाही असा नव्हे. सर्व दुखरे घसे आम्लाचे नसतात आणि गोळीने आम्लाचा आंबटपणा कमी झाला तरी रस वर येणे थांबत नाही, हे त्यातून समजून घ्यायचे.

घशाबरोबर जळजळही असेल तर डॉक्टर साधारण दोन ते तीन महिने गोळी देऊन पाहतात. जळजळ अजिबात नसेल तर ‘गोळी आधी की तपासणी आधी’ हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. गोळी घ्यायची तर जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, रिकाम्या पोटी. जेवल्यावर घेतली तर तिचा निम्मा उपयोग वाया जातो. बरेच दिवस घेऊन एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल उसळून येते आणि माणसाला वाटते आजार परत आला. ती बंद करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. जेवणानंतर आणि झोपताना घ्यायची अल्जिनेटची पातळ औषधेही मिळतात. ती जठरातल्या रसावर फेसाचा थर धरतात आणि रस वर यायला अडवतात. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तीही विचारूनच घ्यावीत, कारण त्यांत मीठजन्य सोडियम असते. खाण्याच्या सोड्याचेही तेच.

आता घरचे उपाय, आणि इथे एक गंमत आहे. घसा धरला की आपण जे करतो, त्यातले निम्मे आम्लाच्या घशाला उलटे पडते. अम्मी रात्री झोपताना पेलाभर हळद-दूध देते. ते पिऊन लगेच आडवे झाले की भरलेले पोट आणि सैल झडप, दूध आणि आम्ल दोन्ही वर. दुधाने क्षणभर थंड वाटते, नंतर जठर आणखी रस सोडते. घसा खवखवतो म्हणून दिवसभर पिपरमिंटच्या गोळ्या चघळतात. पुदिन्याच्या अर्काने तीच खालची झडप सैल पडते. लिंबू-मध आंबट आहे. आले, मिरे, लवंग घातलेला कडक काढा सर्दीत बरा वाटतो, पण सुजलेल्या घशावर तो तिखटच. हळद-दूध वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. घ्यायचे तर संध्याकाळी घ्या. कोमट पाण्याचे घोट आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांनी नुकसान होत नाही.

खरा फरक पडतो तो रात्रीच्या जेवणाच्या वेळेने. जेवण आणि झोप यांत तीन तास जायला हवेत. दुकान रात्री दहाला बंद करून साडेदहाला जेवणारा आणि अकराला झोपणारा माणूस कितीही गोळ्या खाऊ दे, त्याचा घसा सकाळी बसलेलाच असणार. त्याने संध्याकाळी सातला दुकानातच डबा खावा आणि घरी येऊन फार तर थोडे पाणी प्यावे. घरच्यांबरोबर जेवायचे सुख जाते हे खरे, पण सहा आठवडे करून पाहायला हरकत नाही. लग्नसराईत वलीम्याची बिर्याणी अकराला ताटात येते. तिथे न जेवणे यजमानाला लागते. चार घास खावेत, तळलेले आणि गोड सोडावे, आणि घरी आल्यावर तासभर तरी बसून गप्पा माराव्यात.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटीमीटर उंच करावी. दोन-तीन उशा घेऊन उपयोग होत नाही, उलट पोट दुमडते आणि दाब वाढतो. जमिनीवर झोपणाऱ्यांनी गादीखाली कंबरेपासून डोक्यापर्यंत उतार होईल अशी घडी घालावी. डाव्या कुशीवर झोपल्याने जठराची रचना अशी येते की रस झडपेपासून खाली राहतो. सलवारची नाडी, परकराची गाठ, पँटचा पट्टा पोटावर करकचून नको. पोटाचा घेर वाढला असेल तर थोडे वजन उतरले तरी फरक जाणवतो. चहा-कॉफी, चॉकलेट, तळण, फार तिखट, टोमॅटोची आंबट रश्शी, फसफसणारी पेये यांतले कोणाला काय बाधते ते वेगवेगळे असते. सगळे एकदम बंद करून माणूस आठ दिवसांत कंटाळतो. दोन आठवडे वहीत लिहावे, ज्याचा संबंध दिसेल तेच सोडावे.

खाकरण्याची सवय मोडायला एक साधी युक्ती आहे. खाकरावेसे वाटले की पाण्याचा घोट घ्यायचा, पाणी नसेल तर थुंकी जोर लावून गिळायची. आठ-दहा दिवस जड जाते. आवाज बसला असताना कुजबुजत बोलणे म्हणजे विश्रांती नव्हे. त्यानेही स्वरतंतूंवर ताण पडतो. हळू पण नेहमीच्या आवाजात, थोडेच बोलावे.

रमजानबद्दल बरेच जण विचारतात. रोजाने घसा बिघडतोच असे नाही; बिघडतो तो खाण्याच्या पद्धतीने. रिकाम्या पोटावर भजी, समोसे, सरबत, मग जेवण आणि त्यावर तरावीह. भरल्या पोटी रुकू-सजद्यात वाकले की आंबट घशाशी येणारच. खजूर आणि पाण्यावर रोजा सोडावा, मगरिबची नमाज व्हावी, मग बेताचे जेवण घ्यावे. डॉक्टरांनी आम्लाची एकच गोळी दिली असेल तर ती खजूर-पाण्याबरोबर घेऊन नमाजनंतर जेवले की अर्ध्या तासाचे अंतर आपोआप मिळते; तरी वेळ त्यांना विचारूनच ठरवा. तरावीहनंतर पुन्हा खाणे मात्र टाळावे. रात्री बाराचा कबाब सर्वांत महागात पडतो. सेहरी हलकी ठेवावी. फज्रनंतर लगेच झोपायची सवय असेल तर निदान डोक्याकडची बाजू उंच ठेवून डाव्या कुशीवर पडावे. घास अडकतो, रक्त पडते किंवा अल्सरचा त्रास आहे अशांनी रोज्यांपूर्वीच डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

डॉक्टरांकडे जाताना ती दोन आठवड्यांची वही बरोबर न्या. सकाळी आवाज कसा होता, शेवटचे जेवण किती वाजता झाले, आडवे किती वाजता झालात, खोकला कधी आला, एवढे पुरे. आतापर्यंत घेतलेल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटेसुद्धा न्या. आणि मिश्री, तंबाखू, पान, बिडी यांपैकी जे काही असेल ते विचारण्याची वाट न पाहता सांगा.